तबकडी कुणाची, परवाना कुणाचा? : तयार संगणकाच्या मालकीचा पन्नास वर्षांचा इतिहास



मालकी म्हणजे काय, हा प्रश्न आपण एरवी जमीन, घर, दागिने यांच्या बाबतीत विचारतो. आज तोच प्रश्न आपण टेबलावरच्या एका साध्या वस्तूला विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे दुकानातून तयार मिळणारा संगणक. त्यात विंडोज आधीच टाकलेलं असतं. आपण पैसे मोजतो, खोकं घरी आणतो, वायरी जोडतो, बटण दाबतो आणि यंत्र चालू होतं. आपली समजूत अशी की आतलं-बाहेरचं सगळं आता आपलं.

मग चार वर्षांनी हार्डडिस्क जाते. नवी हार्डडिस्क बाजारात मिळते, ती काही अडचण नाही. पण विंडोज परत टाकायचं कशावरून? पैसे तर आपण भरलेत. तबकडी कुठे आहे? खोक्यात नव्हतीच. मग गल्लीतला कॉम्प्युटरवाला म्हणतो, "काळजी करू नका, फॉरमॅट मारून देतो." तो संध्याकाळपर्यंत देतोही. पण त्याने जे टाकलं ते आपल्या हक्काचं की चोरीचं, हे त्यालाही ठाऊक नसतं आणि आपल्यालाही.

आता ही गोष्ट नीट उलगडायची तर आपल्याला तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. एक, यंत्र. दोन, तबकडी, म्हणजे प्रणाली जिच्यावर नोंदलेली असते ती वस्तू. मग ती फ्लॉपी असो, सीडी असो की पेनड्राइव्ह. आणि तीन, परवाना, म्हणजे ती प्रणाली वापरण्याची परवानगी. या तीन गोष्टी कधी एकत्र होत्या, कधी वेगळ्या झाल्या, आणि कुणाच्या सोयीने परत बांधल्या गेल्या, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात १९६९ पासून करू. त्याआधी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. आयबीएमचं मोठं यंत्र घेतलं (बहुतेक वेळा विकत नव्हे, भाड्यानेच) की प्रोग्रॅम, प्रशिक्षण, इंजिनिअरची मदत, सगळं त्याच रकमेत यायचं. हॉटेलात थाळी घेतली की वाटीतल्या आमटीचा वेगळा हिशेब होत नाही, तसंच. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला, आणि त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केलं की यापुढे बऱ्याच प्रोग्रॅमचे आणि सेवांचे दर वेगळे लावले जातील. ऑपरेटिंग सिस्टीम त्यानंतरही काही काळ यंत्राबरोबरच राहिली, हे लक्षात ठेवा. पण एक विचार रुजला. प्रोग्रॅम ही स्वतंत्र विकण्याजोगी गोष्ट आहे, हा तो विचार. आज आपल्याला तो इतका सवयीचा झालाय की त्याला जन्मतारीख आहे हेच आपण विसरतो.

दुसरा टप्पा १९८१ चा. १२ ऑगस्टला आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याची प्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरवली होती, आणि मायक्रोसॉफ्टने तिचा मूळ गाभा सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या एका छोट्या कंपनीकडून घेतला होता. कळीची गोष्ट ही की मायक्रोसॉफ्टने प्रणाली आयबीएमला विकून टाकली नाही. वापरायला दिली, आणि इतरांना देण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. मग कॉम्पॅक आणि इतर कंपन्यांनी आयबीएमसारखीच यंत्रं काढली, तेव्हा त्या प्रत्येकीला प्रणालीसाठी त्याच दारात यावं लागलं.

इथे एक गंमत सांगतो. त्या छोट्या सिएटल कंपनीने विकताना एक हक्क स्वतःकडे राखला होता. आपल्या यंत्रांबरोबर ती प्रणाली रॉयल्टी न देता विकता येईल, असा तो हक्क. पुढे कंपनीचा धंदा बसला. यंत्रं खपेनात, पण तो हक्क मात्र सोन्याचा झाला होता. कंपनीने तो दुसऱ्याला विकायचं ठरवलं, आणि भांडण कोर्टात गेलं. १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ९,२५,००० डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे बघा, यंत्र कवडीमोल झालं, आणि यंत्राबरोबर जोडलेल्या परवानगीला लाखांचा भाव आला. परवाना हीच खरी मालमत्ता आहे, हे तेव्हाच दिसून आलं.

आता तिसरा टप्पा. यंत्र जुळवून विकणाऱ्या उत्पादकाला या व्यवसायात 'ओईएम' म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे या उत्पादकांशी जे करार होत, त्यांतला एक प्रकार 'प्रति प्रोसेसर' करार म्हणून ओळखला जाई. उत्पादकाने ठरलेल्या प्रकारच्या प्रोसेसरचे जितके संगणक विकले, तितक्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला द्यायचे. त्या संगणकात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. बदल्यात दर कमी. पण परिणाम काय झाला? एखाद्या गिऱ्हाइकाने दुसरी प्रणाली मागितली, तर उत्पादकाला दोनदा पैसे मोजावे लागत. असा व्यापारी दुसरी प्रणाली कशाला ठेवेल? जुलै १९९४ मध्ये अमेरिकन न्याय खात्याने यावर तक्रार दाखल केली आणि तडजोड झाली. एका न्यायाधीशांनी आधी ती नाकारली, वरच्या कोर्टाने तो निर्णय फिरवला, आणि अखेर ऑगस्ट १९९५ मध्ये तिला मंजुरी मिळाली. प्रति प्रोसेसर करार बंद झाले. मात्र तयार संगणकात विंडोज आधीच टाकून देण्याची रीत काही थांबली नाही.

आता तुम्ही म्हणाल, नको असेल तर परत करावं. तशी तरतूद कागदावर होतीही. वापराच्या करारात लिहिलेलं असे की अटी मान्य नसतील तर न वापरलेली प्रणाली परत करून पैसे मागता येतील. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात लिनक्स वापरणारी मंडळी हे वाक्य हातात घेऊन मायक्रोसॉफ्टच्या कचेरीवर मोर्चाने गेली. त्यांना उत्तर मिळालं की ज्याच्याकडून संगणक घेतला त्या उत्पादकाकडे जा. हक्क कागदावर, आणि दार मात्र दुसऱ्याचं.

इथपर्यंत यंत्र आणि परवाना यांची गाठ कशी बसली ते आपण पाहिलं. आता तबकडीकडे वळू, कारण सामान्य माणसाच्या हाताला लागत होती ती तबकडीच.

सुरुवातीला ती मिळायची. फ्लॉप्यांचे गठ्ठे मिळायचे. विंडोज ९५ ची फ्लॉपीवरची आवृत्ती तेरा फ्लॉप्यांची होती. पुढे सीडी आली. तिच्यावर छापलेलं असे की ही फक्त नव्या संगणकाबरोबरच वितरित करण्यासाठी आहे. ही सीडी पूर्ण असे. यंत्र कितीही बिघडो, हार्डडिस्क बदलो, ती घातली की प्रणाली पुन्हा उभी राहत असे.

२००० च्या सुमारास हे बदललं. मोठ्या उत्पादकांनी पूर्ण सीडी देणं थांबवलं. तिच्या जागी आली 'रिकव्हरी सीडी'. ती त्याच कंपनीच्या यंत्रावर चालणारी असे, आणि पुष्कळदा सगळी हार्डडिस्क पुसून यंत्र कारखान्यातून आलं तसं करून ठेवणारी. पुढे तीही गेली. हार्डडिस्कच्याच एका झाकलेल्या भागात प्रणालीची प्रत ठेवू लागले, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की हवी तर तबकडी तुमची तुम्ही करून घ्या. कितीजणांनी केली? आणि यातला विरोधाभास बघा. औषध ठेवलंय रोग्याच्याच पोटात. हार्डडिस्क बिघडली की तिच्यावरचा उपायही तिच्याबरोबर जातो. मग उत्पादकाला फोन करा, पैसे भरा, तबकडी मागवा.

त्याच काळात परवाना अधिक घट्ट होत गेला. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्याबरोबर 'ॲक्टिव्हेशन' आलं. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रात मात्र प्रणाली बायोसमधली कंपनीची खूण तपासायची. खूण जुळली की वेगळं ॲक्टिव्हेशन नको. संगणकाच्या अंगावर खरेपणाचं एक स्टिकर असे, त्यावर पंचवीस अक्षरांची किल्ली छापलेली. पण आत वापरलेली किल्ली वेगळी आणि स्टिकरवरची वेगळी. २००५ पासून मोठ्या उत्पादकांच्या स्टिकरवरची किल्ली इंटरनेटवरून चालेनाशी झाली. फोन करून, माणसाला पटवून परवानगी घ्यावी लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि किल्ली थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गेली. स्टिकरवरून ती नाहीशी झाली. मदरबोर्ड बदलला तर उत्पादकाच्या परवान्याच्या दृष्टीने तो नवा संगणक; सदोष म्हणून बदलला असेल तरच सूट.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, ती सांगितलीच पाहिजे. चोरटी नक्कल हा काल्पनिक धोका नव्हता. पूर्ण सीडी एकाकडून दुसऱ्याकडे जायची आणि एका परवान्यावर दहा यंत्रं चालायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकेकाळी काय काय मिळायचं हे या सभागृहात पुष्कळांना माहीत असेल! उत्पादकालाही लाखो तबकड्यांचा खर्च वाचवायचा होता. हे सगळं खरं. पण चोराला अडवायला लावलेलं कुलूप मालकालाही बाहेर ठेवू लागलं, तर ते कुलूप कुणाच्या घराचं, हा प्रश्न उरतो.

आणि या प्रश्नाची किंमत एका माणसाने तुरुंगवासाने मोजली. एरिक लंडग्रेन हा कॅलिफोर्नियातला, जुने संगणक दुरुस्त करून वापरात आणण्याच्या धंद्यातला माणूस. त्याने चीनमधून सुमारे २८,००० रिकव्हरी तबकड्या तयार करून घेतल्या, डेल कंपनीच्या तबकड्यांसारख्या. उद्देश असा की जुने संगणक दुरुस्त करणाऱ्यांना त्या स्वस्तात द्याव्यात, म्हणजे यंत्रं भंगारात जाणार नाहीत. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने माल अडवला. त्याने गुन्हा कबूल केला, कारण तबकड्यांवर डेलचं आणि मायक्रोसॉफ्टचं नाव हुबेहूब छापलं होतं. त्या बाबतीत तो निर्दोष होता असं कुणी म्हणू नये.

पण शिक्षा किती द्यायची, हे तबकडीच्या किमतीवर ठरणार होतं. त्याचा युक्तिवाद असा : या तबकडीबरोबर परवाना नाही. परवाना ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच ती उपयोगी. प्रणाली कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून फुकट उतरवता येते. मग नुसत्या तबकडीची किंमत शून्याच्या जवळपास. सरकारी पक्षाने मायक्रोसॉफ्ट जुने संगणक विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना परवान्यासकट जी तबकडी २५ डॉलरला देत असे, तो दर धरला. २८,००० गुणिले २५, म्हणजे ७,००,००० डॉलर. न्यायालयाने हा हिशेब मान्य केला. १५ महिने कैद, ५०,००० डॉलर दंड. एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

इथे थोडं थांबू या. ग्राहकाला सांगितलं जातं की तबकडी महत्त्वाची नाही, तुम्ही विकत घेतलाय तो परवाना. म्हणून तबकडी देत नाही. आणि दुसऱ्याने तबकडी केली की सांगितलं जातं, तबकडीची किंमत परवान्याइतकी आहे. शिवाय जुन्या संगणकांबद्दल मायक्रोसॉफ्टचा नियम असा होता की मूळ स्टिकर आणि मूळ रिकव्हरीचं साधन, दोन्ही यंत्राबरोबर असतील तर नव्या परवान्याची गरज नाही. म्हणजे तबकडी हरवली तर परवानाही गेल्यात जमा. समजा, एखाद्या कंपनीने शाळेला वीस जुने संगणक दान दिले. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हार्डडिस्क आधी पुसून टाकल्या, आणि ते योग्यच आहे. पण त्या झाकलेल्या भागातली प्रणालीही पुसली गेली. स्टिकर अंगावर आहे, एकदा पैसे भरलेले आहेत, यंत्र ठणठणीत आहे, आणि तरी ते नियमाने चालवता येत नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे इथे आम्हाला आपली जुनी चर्चा आठवते. आपल्याकडे मालकीला 'स्वत्व' म्हणत. विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य राजाच्या काळात, साधारण नऊशे वर्षांपूर्वी. त्याच्यापुढे प्रश्न होता : स्वत्व शास्त्राने ठरतं की लोकव्यवहाराने? त्याचा कौल असा की स्वत्व लौकिक आहे. ज्यांना शास्त्राचा गंध नाही अशी माणसंही देतात-घेतात, विकतात, गहाण ठेवतात. म्हणजे मालकी व्यवहारातूनच कळते. पुढे बंगालमधल्या नव्य नैयायिकांनी स्वत्व म्हणजे नेमकं काय याचा कीस काढला. त्यांच्या चर्चेत एक सुंदर कल्पना येते, 'यथेष्ट विनियोग'. ज्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे उपयोग करता येतो, ती आपली.

ही कसोटी लावून बघा. प्रणाली मी दुसऱ्या यंत्रावर नेऊ शकत नाही. वेगळी विकू शकत नाही. बिघडली तर साधनाअभावी परत उभी करू शकत नाही. मग पावतीवर काहीही लिहिलेलं असो, यथेष्ट विनियोग कुठे आहे? उलट विज्ञानेश्वराच्या बाजूने विचारलं तर उत्तर निराळं येतं. दुकानात गिऱ्हाईक एकदाच पूर्ण पैसे देतं, वस्तू घेऊन जातं, परत करायची मुदत नसते. सगळं जग याला 'विकत घेणं' म्हणतं. मग आतल्या कराराने एकट्याने म्हणावं, की ही विक्री नव्हेच?

न्यायालयंही याच दोन टोकांमध्ये झुलत आली आहेत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच दाव्यात म्हटलं की नव्या संगणकाबरोबरच विका ही अट पुढच्या व्यापाऱ्याला बांधत नाही. प्रत एकदा संमतीने बाजारात आली की ती वेगळी विकता येते. उलट २०१० मध्ये अमेरिकेत ऑटोडेस्कच्या खटल्यात अपील न्यायालय म्हणालं, करारात परवाना म्हटलंय आणि बंधनं घातली आहेत, तर घेणारा मालक नव्हे. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलच्या प्रकरणात कायमच्या परवान्याला विक्रीच मानलं. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती विकणाऱ्या लाटव्हियातल्या दोघांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने बारीक रेघ ओढली. मूळ तबकडी असेल तर विका. ती हरवली किंवा मोडली असेल, तर स्वतः केलेली राखीव प्रत हक्कदाराच्या संमतीशिवाय पुढे देता येणार नाही. म्हणजे पुन्हा सगळं त्या तबकडीवर येऊन थांबलं!

आपल्याकडे? आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत करण्याची मुभा आहे. कलम ५२ मध्ये. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या विक्रीकराच्या खटल्यात ठरवलं की तबकडीवरचं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे. मार्च २०२१ मध्ये आयकराच्या अनेक अपिलांवर निकाल देताना त्याच न्यायालयाने म्हटलं की वापराच्या कराराखाली दिलेली प्रत ही कॉपीराइटची देवघेव नव्हे, ती वस्तूची विक्री आहे. हे दोन्ही निकाल कराच्या संदर्भातले आहेत, ग्राहकाच्या हक्काचे नव्हेत, हे विसरायचं नाही. पण गंमत अशी की कर भरायची वेळ आली तेव्हा विक्री झाली असं ठरलं. ग्राहकाच्या दुरुस्तीची वेळ आली तर काय ठरेल, हे विचारायला अजून कुणी उभं राहायचं आहे.

आजची स्थिती काय? चित्र जवळजवळ उलटं झालंय. विंडोज १० आणि ११ टाकायचं साधन मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. तबकडीची टंचाई संपली. ही चांगली गोष्ट आहे, आणि लंडग्रेनचं म्हणणं निदान व्यवहारात खरं ठरलं असं म्हणायला हरकत नाही. पण परवाना आता चिपमध्ये आणि कंपनीच्या दूरच्या यंत्रांवरच्या नोंदीत राहतो. पूर्वी कागद आपल्या कपाटात असायचा. आता सातबारा सावकाराच्याच घरी आहे असं समजा.

तेव्हा निष्कर्ष एवढाच. हक्क आणि हक्क बजावण्याचं साधन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साधन काढून घेतलं की हक्क न काढताही पोकळ होतो, आणि तो पोकळ झाल्याचं बिघाडाच्या दिवशीच कळतं. म्हणून तयार संगणक घेताना दुकानदाराला विचारा : प्रणाली परत टाकायची सोय काय? पहिल्याच आठवड्यात एक पेनड्राइव्ह घेऊन रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवा. ती सोय विंडोजमध्येच आहे. जुन्या यंत्रावर स्टिकर असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, ती अक्षरं उडून जातात. यंत्र कुणाला दान देणार असाल, तर पावती आणि तो पेनड्राइव्हही बरोबर द्या. घेणाऱ्याला नुसतं यंत्र नको असतं, ते चालवण्याचा हक्कही हवा असतो.

आता प्रश्न घेऊ या.